दोन सर्व्हर, एक साठवण : हिशेब बंद पडू नये म्हणून काय घ्यावे?

आपल्या व्यापारी बांधवांच्या गादीवरून लाल वही जवळजवळ गेली आणि तिच्या जागी संगणक आला. कीर्द, खतावणी, उधारी, मालाचा साठा, बिले, जीएसटीचे विवरण हे सारे त्याच्या पोटात असते. वही हरवली तर दुकान चालू राहत असे. संगणक बंद पडला तर मात्र गिऱ्हाईक समोर उभे असूनही बिल निघत नाही आणि कोणाकडे किती येणे आहे तेही सांगता येत नाही. म्हणून मोठ्या पेढ्या, गिरण्या, पतसंस्था आणि दवाखाने यांना हल्ली दोन सर्व्हरची जोडी घेण्याचा सल्ला दिला जातो. एक बंद पडला तर दुसऱ्याने काम उचलायचे. या जोडीला क्लस्टर म्हणतात. दोघांनी मिळून वापरायच्या डिस्कच्या पेटीला सामायिक साठवण म्हणतात. जोडीतील सर्वांत महाग आणि सर्वांत नाजूक भाग तोच असतो. तो निवडताना काय पाहावे, हे या लेखात आम्ही सोप्या भाषेत मांडत आहोत.

उदाहरणासाठी आम्ही घोटी घेतली आहे. मुंबई-आग्रा महामार्गावरची ही इगतपुरी तालुक्याची मोठी बाजारपेठ भाताच्या गिरण्यांसाठी ओळखली जाते. समजा, येथे एक भात गिरणी आहे. वजनकाट्यावर एक संगणक, गादीवर दोन, गोदामात एक, आणि या सर्वांची माहिती एका सर्व्हरवर. भाताचा हंगाम भरात आहे, काट्यासमोर गाड्यांची रांग आहे, शेतकरी पट्टीची वाट पाहत आहेत, आणि नेमका त्या दिवशी सर्व्हर बसला. येथून पुढचा प्रत्येक प्रश्न या गिरणीला लावून पाहावा.

दुसरा सर्व्हर घेतला, पण माहिती कुठे आहे?

अनेकांचा समज असा की शेजारी दुसरा सर्व्हर ठेवला म्हणजे काम झाले. पण हिशेबाची माहिती पहिल्या सर्व्हरच्या आतल्या डिस्कवर असेल, तर पहिला बंद पडल्यावर दुसरा रिकाम्या हाताने उभा राहील. मुनीम नवा आला, पण खतावणी जुन्या मुनिमाच्या बंद कपाटात राहिली, अशी ही गत आहे.

यावर दोन मार्ग आहेत. पहिला, खतावणी कोणाच्याच कपाटात न ठेवता दोघांना पोहोचता येईल अशा तिजोरीत ठेवणे. ही सामायिक साठवण. दुसरा, पहिल्या मुनिमाने लिहिलेली प्रत्येक ओळ त्याच क्षणी दुसऱ्याच्या वहीतही उतरवणे. याला प्रतिकृती म्हणू.

ही कल्पना नवी नाही. अमेरिकेतील डिजिटल इक्विपमेंट कंपनीने १९८३ साली व्हॅक्स-क्लस्टर बाजारात आणले, त्यात अनेक संगणक एकाच डिस्कसंचावर काम करीत. १९९७ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज एनटीसाठी दोन सर्व्हरची अशीच व्यवस्था दिली. तेव्हा ती बँका आणि मोठ्या कारखान्यांपुरती होती. आज तालुक्याच्या गावातला विक्रेताही ती देऊ करतो, म्हणूनच ती समजून घेणे आवश्यक झाले आहे.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करावी. साध्या क्लस्टरमध्ये दुसरा सर्व्हर काम उचलतो म्हणजे प्रोग्राम तेथे नव्याने सुरू होतो. त्यात काही सेकंदांपासून काही मिनिटांपर्यंत वेळ जातो आणि अर्धवट भरलेली नोंद पुन्हा भरावी लागते. 'गिऱ्हाइकाला कळणारसुद्धा नाही' असे कोणी सांगितले, तर ते समोर करून दाखवायला सांगावे.

एक खतावणी, दोन मुनीम

सामायिक साठवणीचा सर्वांत मोठा धोका डिस्क जळण्याचा नाही. दोन्ही सर्व्हरनी एकाच वेळी त्याच डिस्कवर लिहिण्याचा आहे.

दोन्ही सर्व्हर दर सेकंदाला एकमेकांची खबर घेत असतात. समजा त्यांच्यामधील केबल उंदराने कुरतडली. पहिल्याला वाटते, दुसरा गेला. दुसऱ्याला वाटते, पहिला गेला, आता काम आपणच उचलायचे. प्रत्यक्षात दोघेही जिवंत आहेत आणि दोघेही त्याच खतावणीच्या त्याच पानावर लिहू लागतात. साधी फाइल-व्यवस्था असेल तर काही क्षणांत नोंदींचा चुराडा होतो. सर्व्हर बंद पडला तर अर्धा दिवस जातो, असे झाले तर वर्षभराची उधारी जाते. संगणकाच्या भाषेत याला 'स्प्लिट ब्रेन' म्हणजे दुभंगलेला मेंदू म्हणतात.

यावर दोन उपाय आहेत आणि दोन्ही हवेत.

पहिला उपाय कोरम. पतसंस्थेच्या सभेत कोरम नसेल तर ठराव होत नाही. तसेच येथेही आहे. दोन सर्व्हरमध्ये मतभेद झाला तर एक विरुद्ध एक होते आणि निकाल लागत नाही. म्हणून तिसरा साक्षीदार लागतो. हे तिसरे मत महाग नसते. एखादी लहान सामायिक डिस्क, दुसऱ्या खोलीतील साधा संगणक किंवा इंटरनेटवरची छोटी जागाही ते काम करते. विंडोज सर्व्हर २०१६ पासून इंटरनेटवरील साक्षीदार वापरता येतो, आणि २०१९ च्या आवृत्तीपासून राउटरला लावलेला यूएसबी पेन ड्राइव्हही चालतो, मात्र राउटरमध्ये तशी सोय असली पाहिजे. ज्याच्याकडे दोन मते, त्यानेच लिहावे, दुसऱ्याने हात आवरावा.

दुसरा उपाय कुंपण. हरलेला सर्व्हर आपण होऊन थांबेल, यावर विसंबता येत नाही. तो अडकलेल्या अवस्थेतून मिनिटभराने जागा होऊन लिहू शकतो. म्हणून काम उचलण्याआधी दुसऱ्याने पहिल्याची वीज तोडायची, किंवा साठवणीच्या पेटीलाच सांगायचे की याचे लिखाण यापुढे घेऊ नकोस. जुन्या मुनिमाकडून किल्ली काढून घेतल्याशिवाय नव्याने तिजोरी उघडू नये, हा तो नियम. विक्रेता कुंपणाची सोय 'नंतर करू' म्हणत असेल, तर क्लस्टरही नंतरच घ्यावे.

चार पर्याय

पहिला पर्याय, नॅस. ही डिस्कची पेटी नेहमीच्या नेटवर्कला जोडतात आणि सगळे संगणक तिच्यातील फाइली उघडतात. लावायला सोपी, स्वस्त, आणि फाइल कोण उघडतो याचा हिशेब पेटी स्वतः ठेवते. पण पेटी एकच असते. तिचा वीजपुरवठा किंवा तिच्यातील मुख्य कार्ड गेले, तर दोन्ही सर्व्हर ठीक असूनही काम ठप्प होते. हिशेबाचा प्रोग्राम अशा पेटीवर नीट चालतो का, हे प्रोग्राम बनवणाऱ्याकडून लेखी घ्यावे.

दुसरा पर्याय, दोन सर्व्हरना थेट केबलने जोडलेली पेटी. हिच्यात दोन नियंत्रक असतात, वीजपुरवठेही दोन असतात. मध्ये स्विच नसल्याने बिघडण्याच्या जागा कमी. दोन-तीन सर्व्हरच्या गिरणीला किंवा दवाखान्याला हा बरेचदा सर्वांत साधा आणि टिकाऊ मार्ग ठरतो. मर्यादा अशी की सर्व्हर आणि पेटी जवळजवळ ठेवावे लागतात. खोलीत पाणी शिरले तर सगळेच भिजते.

तिसरा पर्याय, सॅन. येथे साठवणीचे स्वतःचे वेगळे जाळे असते, फायबर चॅनलचे किंवा साध्या इथरनेटवर चालणाऱ्या आयस्कझीचे. अनेक सर्व्हर, अनेक पेट्या, वेगही चांगला. पण दोन स्विच, प्रत्येक सर्व्हरला दोन वाटा आणि हे सारे सांभाळणारा जाणकार माणूस लागतो. आयस्कझी घेतल्यास दुकानाच्या नेहमीच्या स्विचवर ती कधीही चालवू नये. कोणी मोठी फाइल उतरवू लागले की साठवणीचा वेग पडतो आणि क्लस्टरला वाटते की सर्व्हर मेला.

चौथा पर्याय, पेटीच न घेता प्रतिकृती. प्रत्येक सर्व्हरच्या स्वतःच्या डिस्क असतात आणि प्रत्येक नोंद नेटवर्कवरून दुसरीकडेही लिहिली जाते. लिनक्सवरील डीआरबीडी हा प्रोग्राम हेच करतो. व्हिएन्नाच्या फिलिप राइसनर यांनी तो सुरू केला आणि २०१० मध्ये तो लिनक्सच्या मूळ गाभ्यात घेतला गेला. प्रोग्राम मोफत आहे. यात एकच पेटी बिघडण्याची भीती जाते, पण दुभंगलेल्या मेंदूची भीती वाढते, कारण येथे खतावण्याच दोन आहेत आणि दोन्ही वेगवेगळ्या होऊ शकतात. त्यामुळे कोरम आणि कुंपण येथे अधिकच कडक हवे. सेफसारख्या मोठ्या व्यवस्था हेच काम अनेक सर्व्हरवर वाटून करतात, पण त्यांना किमान तीन सर्व्हर तरी हवेत. एका गिरणीसाठी ते बहुधा जास्तीचे होईल.

प्रतिकृती दोन प्रकारची असते. एकात दुसरीकडे लिहून झाल्याची पावती आल्याशिवाय नोंद पूर्ण मानली जात नाही. दुसऱ्यात नोंद आधी पूर्ण होते, प्रत मागाहून जाते. पहिल्यात काही हरवत नाही, पण अंतर वाढले की वेग कमी होतो. घोटी ते नाशिक सुमारे पस्तीस किलोमीटर. काचेच्या तंतूतून प्रकाशाला एक किलोमीटर जायला सुमारे ५ मायक्रोसेकंद लागतात, म्हणजे जाऊन-येऊन साधारण एक तृतीयांश मिलिसेकंद. हे काहीच नाही. पण साध्या ब्रॉडबँडवर मध्ये अनेक थांबे असतात, वेळ कितीतरी पटींनी वाढतो आणि पावसात केबल तुटते ते वेगळेच. म्हणून एकाच इमारतीत पावतीची प्रत आणि बाहेरगावी मागाहूनची प्रत, ही विभागणी बहुतेकांना परवडते.

दोन दोन सगळे असूनही

सारे काही दुहेरी घेतले की निश्चिंती, असे समजणाऱ्यांनी मुंबईतील एक घटना लक्षात ठेवावी. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी सकाळी ११:४० च्या सुमारास राष्ट्रीय शेअर बाजाराचे, म्हणजे एनएसईचे, व्यवहार थांबले. ते पुन्हा सुरू झाले दुपारी ३:४५ ला, आणि त्या दिवशी बाजार ५ पर्यंत चालवावा लागला. एरवी तो ३:३० ला बंद होतो. मधल्या चार तासांत ज्यांचे सौदे अडकले त्यांचे नुकसान झाले.

एनएसईने नंतर दिलेले कारण आपल्या विषयाचेच होते. दोन केंद्रांमधील दुवे दोन वेगवेगळ्या दूरसंचार कंपन्यांचे होते. रस्त्याच्या खोदकामामुळे दोन्ही दुवे डळमळले. दुवा गेला तरी मूळ केंद्रातील साठवण चालू राहावी, अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात मुख्य सॅनच सर्व्हरना दिसेनासे झाले. सभासदांच्या जोखमीवर नजर ठेवणारी यंत्रणा त्यावर होती, ती बंद पडल्यावर बाजार चालू ठेवणे शक्य नव्हते. सॅनमधील काम हलवण्याचे तर्कशास्त्र ठरलेल्या रचनेप्रमाणे नव्हते आणि जुळणीतही दोष होते, असे एनएसईने सांगितले. पुढच्याच महिन्यात सेबीने बाजारसंस्थांना नियम घालून दिला की महत्त्वाची यंत्रणा बंद पडल्यास ३० मिनिटांत आपत्ती जाहीर करावी आणि त्यानंतर ४५ मिनिटांत राखीव केंद्रातून काम सुरू करावे. २०२३ मध्ये एनएसई आणि तिची क्लिअरिंग कंपनी यांनी मिळून सत्तर कोटींहून अधिक रक्कम भरून सेबीकडे हे प्रकरण तडजोडीने मिटवले.

डिस्क जळली नव्हती, सर्व्हर मेला नव्हता. तार दुहेरी होती, केंद्रही दुहेरी होते. तार तुटल्यावर काय करायचे हा निर्णय मात्र चुकला. तो बरोबर होतो की नाही हे कागदावर कळत नाही, प्रत्यक्ष तार काढूनच कळते.

प्रत म्हणजे राखीव नक्कल नव्हे

दुसरा गैरसमज याहून महाग पडतो. 'आमच्याकडे दोन डिस्कवर माहिती आहे, मग बॅकअप कशाला?' असे म्हणणारे व्यापारी अनेक आहेत. आरशात तुमचा चेहरा दिसतो तसा त्यावरचा डागही दिसतो. चुकून खाते पुसले गेले की दुसऱ्या डिस्कवरूनही ते त्याच क्षणी पुसले जाते. व्हायरसने फाइली कुलूपबंद केल्या की दोन्हीकडे कुलूप.

२७ जून २०१७ रोजी नॉटपेट्या नावाचा घातक प्रोग्राम जगभर पसरला. युक्रेनमधील एका हिशेबाच्या प्रोग्रामच्या अद्ययावत आवृत्तीतून तो शिरला, ही गोष्ट हिशेबाचे प्रोग्राम वापरणाऱ्यांनी विशेष लक्षात ठेवावी. मर्स्क या जहाज कंपनीला मोठा तडाखा बसला आणि न्हावा शेवा बंदरातील तिच्या समूहाच्या टर्मिनलचे कामही अडले. कोणता माणूस, कोणता संगणक आपला, हे ओळखणारे कंपनीचे सुमारे दीडशे सर्व्हर एकमेकांच्या प्रती ठेवत होते. सगळे एकदम पुसले गेले. वाचला तो फक्त घानामधील एक, कारण हल्ल्याच्या वेळी तेथे वीज गेली होती आणि तो जाळ्यापासून तुटलेला होता. त्या एका प्रतीवरून कंपनीने आपली व्यवस्था पुन्हा उभी केली.

मर्स्कसाठी जे काम वीज जाण्याने केले, ते आपण ठरवून करावे. सामायिक साठवण कितीही भारी असली तरी रोज एक नक्कल वेगळ्या डिस्कवर काढावी, नक्कल झाल्यावर ती डिस्क केबलमधून काढून ठेवावी, आणि आठवड्यातून एक नक्कल दुकानाबाहेर, घरी किंवा दुसऱ्या गावी न्यावी. नक्कल उघडते का, हे महिन्यातून एकदा दुसऱ्या संगणकावर पाहावे. जीएसटीत नोंद असलेल्यांना हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपावी लागतात, हेही विसरू नये.

घोटीची हवा आणि वीज

इगतपुरी तालुक्याचा पाऊस सर्वांना माहीत आहे. पावसाळ्यात वीज जाते, येते, दाब कमी-जास्त होतो, ओल भिंतीतून उतरते. गिरणीत तर कोंड्याची बारीक धूळही असते. कागदावर उत्तम असलेली पेटी अशा जागी वर्षभरात बसू शकते. म्हणून चार गोष्टी पाहाव्यात.

पेटीचे दोन वीजपुरवठे दोन वेगळ्या यूपीएसवर लावावेत. एकाच यूपीएसवर लावले तर दुसऱ्याचे पैसे वाया गेले. गिरणीच्या मोटारींच्या लाइनवर सर्व्हर चालवू नये आणि अर्थिंग नीट करून घ्यावे. वेगासाठी नोंदी आधी तात्पुरत्या स्मृतीत घेणारी पेटी असेल, तर त्या स्मृतीला स्वतःची बॅटरी आहे का आणि ती जिवंत आहे का, हे विचारावे. नाहीतर वीज जाताच 'लिहिल्या' म्हणून सांगितलेल्या नोंदी प्रत्यक्षात नसतात. पेटी जमिनीपासून उंच आणि भाताच्या गोदामापासून दूर ठेवावी.

डिस्कच्या मांडणीबद्दलही थोडे. १९८८ साली बर्कलेच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी अनेक स्वस्त डिस्क एकत्र वापरण्याची 'रेड' पद्धत शोधनिबंधात मांडली. त्यातील रेड ५ एक डिस्क गेली तरी चालते. पण साध्या डिस्कवर सुमारे १२.५ टेराबाइट वाचताना एखादी चूक होऊ शकते, असे बनवणारेच तांत्रिक माहितीत लिहितात. मोठ्या डिस्क असतील तर एक गेल्यावर बाकीच्या सगळ्या वाचून नवी भरताना ही चूक नेमकी गाठते. म्हणून मोठ्या डिस्कना दोन डिस्क गेल्या तरी चालणारी रेड ६ किंवा सरळ आरसापद्धत बरी. लहान गिरणीचा हिशेब दोन डिस्कच्या आरशात सहज मावतो.

खर्च किती करावा?

हे ठरवण्यासाठी दोनच प्रश्न आहेत. काम किती वेळ बंद राहिले तर चालेल? आणि किती वेळाच्या नोंदी पुन्हा भरता येतील?

किराणा, कापड किंवा हार्डवेअरचे दुकान असेल, एक दिवस हाताने बिले फाडता येत असतील, तर क्लस्टर घेऊच नये. एक चांगला संगणक, आरशातल्या दोन डिस्क, यूपीएस आणि रोजची वेगळी नक्कल एवढे पुरे. वाचलेला पैसा मालात घालावा. दोन-तीन तास बंद चालेल, पण दिवसभराच्या नोंदी जाता कामा नयेत, अशी गिरणी किंवा आडत असेल, तर दुसरा संगणक तयार ठेवून तासातासाला नक्कल पाठवावी. काही मिनिटांपलीकडे थांबणे परवडत नाही, अशी पतसंस्था, मोठा दवाखाना किंवा हंगामातली मोठी गिरणी असेल, तरच दोन सर्व्हर, थेट जोडलेली दुहेरी पेटी किंवा डीआरबीडीसारखी प्रतिकृती, आणि सोबत तिसरा साक्षीदार व कुंपण.

पैसे देण्याआधी विक्रेत्याला पाच प्रश्न विचारावेत. कोणती एक वस्तू बिघडली तर दोन्ही सर्व्हर थांबतील? दोघांमधील तार तुटली तर कोण लिहील आणि कोण थांबेल? पेटीचा सुटा भाग नाशिकला मिळतो की बाहेरून मागवावा लागतो, आणि किती दिवसांत? तुम्ही धंदा बंद केलात तर ही माहिती दुसरा कोणी वाचू शकेल का? आणि शेवटचा, हे सगळे आमच्यासमोर बंद पाडून दाखवाल का?

या शेवटच्या प्रश्नाला आम्ही सर्वांत जास्त महत्त्व देतो. पहिल्या सर्व्हरची वीज काढा, मग एक डिस्क काढा, मग दोघांमधील तार काढा, आणि प्रत्येक वेळी काट्यावरून एक पट्टी निघते का ते पाहा. हे झाल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नये. पुढेही दर तीन महिन्यांनी हीच तालीम करावी. शुक्रवारी जुमाच्या वेळी दुकान तासभर बंदच असते, त्याआधी नक्कल काढून ठेवावी आणि नमाजनंतर गिऱ्हाईक येण्यापूर्वी अर्धा तास यासाठी द्यावा.

आपल्यातील अनेक तरुण संगणक दुरुस्ती, वायरिंग, यूपीएस आणि नेटवर्कची कामे करतात. त्यांनी केवळ पेट्या विकण्याऐवजी ही तालीम करून देण्याचे आणि नक्कल तपासण्याचे काम घ्यावे. त्याला भांडवल थोडे लागते, विश्वास मोठा लागतो, आणि ते दर तीन महिन्यांनी पुन्हा मिळते. दुसऱ्याची उधारीची वही ही अमानत असते. ती सांभाळणारा माणूस गावात मिळाला, तर व्यापारी त्याला सोडत नाही.